अण्णांच्या जॅकेटमधली बॅटरी

उत्तरेतल्या एका बर्फाळ पोस्टवर पोस्टिंग झाली तेव्हा मी लान्स नाईक होतो, रेडिओ ऑपरेटर. बार्शीच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलेलं. सेक्शन कमांडर हवालदार मल्लिनाथ दुधनीचे. घरी कन्नड, माझ्याशी मराठी. मी त्यांना अण्णा म्हणायचो.

सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, सातला रेडिओ चेक. तापमान उणे पंचवीस. रेडिओ सेटची पूर्ण चार्ज केलेली बॅटरीसुद्धा उघड्यावर थोड्याच वेळात मान टाकायची.

एकदा अण्णांनी विचारलं, "बॅटरी भरलेली हाय, मग सेट का बंद पडतो रं?"

"सेलमधल्या रासायनिक क्रियेतून वीज मिळते, अण्णा. थंडीत ती क्रिया मंदावते. ऊर्जा आत असते, पण बाहेर येत नाही. ऊब दिली की पुन्हा मिळते."

"म्हंजे वीज हाय, पर गारठलीया."

परीक्षेत मला इतकं नेमकं लिहिता आलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचा हुकूम झाला. पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर जाताना, एक स्पेअर बॅटरी माझ्या जॅकेटच्या आत, एक त्यांच्या.

जानेवारीत आम्ही तिघं पेट्रोलवरून परतत होतो. पुढे अण्णा, मध्ये शिपाई जगदीश, मागे मी. सकाळी दहा पन्नासला वरचा बर्फ सुटला.

मी कडेला फेकला गेलो. जगदीशला ओढून काढलं. डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. अण्णा कमरेपर्यंत गाडले गेले होते. बर्फ दगडासारखा बसला होता, खणून हलेना. सेट शाबूत, पण बॅटरी गारठलेली. माझं जॅकेट फाटून स्पेअर कुठंतरी पडली होती.

"अण्णा, सेट बंद आहे."

"माज्याकडं हाय की. काढ."

"चेन उघडावी लागेल. वारा आहे."

"न्हाईतर जगदीश जाईल. ऑर्डर हाय. काढ."

मी काढली. ती कोमट होती. अकरा दहाला सेट लागला.

"टू कॅज्युअल्टी. हेली पाठवा. ओव्हर."

बेसवरून उत्तर आलं, "रॉजर. तिथंच थांबा."

अण्णांच्या चेनमध्ये बर्फ बसला, ती पुन्हा लागेना. मी माझा मफलर आत कोंबला आणि वाऱ्याच्या बाजूने त्यांना बिलगून बसलो. हेलिकॉप्टर बारा पाचला आलं. त्यातून उतरलेल्या जवानांनी आणि मी मिळून त्यांना मोकळं केलं. जगदीश वाचला. अण्णा वाटेतच गेले. डॉक्टर म्हणाले, आतल्या रक्तस्रावाने, थंडीने नव्हे.

सुट्टीत दुधनीला गेलो. त्यांच्या आईने जेवू घातलं, मग माझ्यासाठी मराठीत विचारलं, "अंगावर गरम कापडं होती न्हवं?"

"होती, आई. चांगली होती."

निवृत्त होऊन आता सोलापुरात राहतो. त्या माऊली गेल्या वर्षी गेल्या. चेन मी उघडली, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. हुकूम अण्णांचा होता, हात माझा होता.

हवालदार मल्लिनाथ, गाव दुधनी, वय चौतीस. जगदीश दरवर्षी त्या दिवशी मला फोन करतो. आम्ही फारसं बोलत नाही. पण फोन आधी कुणीच ठेवत नाही.