सावरखेडीच्या रपट्यावरची लाल रेघ

पडदा बाजूला झाला, टाळ्या वाजल्या आणि कहकशांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “रेघ कुठाय?”

कोणी ऐकलं नाही. सावरखेडीचा रपटा म्हणजे पूर आला की पाण्याखाली जाणारा बुटका पूल. त्याच्या कडेचा काँक्रीटचा खांब गावानं चकचकीत पांढऱ्या फरश्यांनी मढवला होता. वर काळ्या अक्षरांत तिच्या वडिलांचं नाव, मुजफ्फर खान, इंजिनिअर. सत्याऐंशी वर्षं जगून ते दीड महिन्यापूर्वी गेले होते. गावानं हे प्रेमानं केलंय हे तिला दिसत होतं, आणि त्यानंच तिचं डोकं जास्त तडकत होतं.

भाषणं सुरू झाली. साहेब असे होते, साहेब तसे होते. कसे होते ते तिला विचारा! दारात खात्याची जीप उभी आणि अब्बा आपले पायी. बांधलेला प्रत्येक बंधारा, प्रत्येक रपटा वर्षातून एकदा चालत जाऊन बघणार. सुट्टी लागली की पाठीवर चादर, हातात सागाची काठी, आणि पांढरकवड्याकडच्या जंगलात दोन-दोन दिवस गायब. वाघाचे ठसे नकाशा वाचावा तसे वाचायचे. मुलीची शाळेची फी भरायची मात्र विसरायचे. अम्मी म्हणायची, “निकाह माझ्याशी केला आणि संसार नाल्यांशी.”

हा खांबही त्यांचाच. एका भादव्यात गावातल्या मानीबाईचा नवरा बैलगाडीसकट इथून वाहून गेला. पाणी उतरल्यावर अब्बा तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिले. गाडी घातली तेव्हा पाणी कुठवर होतं? तिनं खांबावर बोट ठेवलं. त्याच्या चार बोटं खाली अब्बांनी लाल रेघ ओढली. पाणी रेघेला टेकलं की थांबायचं, मग वऱ्हाड असो की मंत्री. पुढे दर मे महिन्यात ते स्वतः येऊन रेघ गडद करायचे. पंच्याऐंशीव्या वर्षीसुद्धा आले. ब्रश कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही, उंची कुठे लिहून ठेवली नाही.

आणि आज त्याच रेघेवर फरशी!

“नागोरावभाऊ, फरशीखालची रेघ कुठं गेली?” ती थेट सरपंचांपुढे जाऊन उभी राहिली.

“ते जुनं लय खराब दिसत होतं न ताई. साहेबाच्या नावापाशी बरं दिसलं नसतं.”

“आता पाणी कशावर पाहान?”

नागोरावांनी जीपवाल्या देवीलालकडे पाहिलं. देवीलालनं मान खाजवली. “पाहू न अंदाजानं. इतके वर्सं रेघच पाहून गाडी घालत होतो, पण अंदाज तर आलाच असन.”

“अंदाजानं? जेबा बसते तुह्या गाडीत! माही पोरगी!”

“ताई, उद्या मानूस बोलावून मोजून घेतो,” नागोराव म्हणाले. “आता जेवून घ्या, पंगत बसून राह्यली.”

“उद्या सकाळी साडेसातले तिची शाळेची जीप इथून जाते. वरच्या अंगाले आभाळ पाहा जरा.”

सगळ्यांनी वर पाहिलं. नाल्याच्या वरच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट दाटून आलं होतं. कहकशांला त्यांचा राग होता, पण खरा राग होता अब्बांचा. एवढं शहाणपण आणि ते एकट्याच्या डोक्यात! रेघ ओढायचे ते त्या सागाच्या काठीवर मोजून. काठी! तिनं देवीलालला जीपच्या स्टेअरिंगवर बसवलं आणि घराकडे पिटाळलं.

दारव्ह्याला घराच्या अंगणात अम्मी त्याच काठीनं दोरीवरचे कपडे काढत होती.

“अगं, माझा दुपट्टा अडकलाय वर!”

“राहू दे अडकलेला.” कहकशांनं काठी ओढून घेतली.

काठीवर चाकूची एकच खाच होती, खाचेत जुना लाल रंग. परतीच्या वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून तिनं ऑइलपेंटचा डबा घेतला.

परत येऊन रपट्याच्या स्लॅबवर, अब्बा टेकवायचे तशीच, तिनं काठी टेकवली. खाच नेमकी नावावर आली.

“अरे बापा,” नागोराव पंगतीतून उठून आले. “ताई, चार बोटं वर घ्या न. साहेबाचं नाव तरी राहीन.”

“त्याच चार बोटांत मानीबाईचा नवरा गेला, भाऊ.”

नागोराव बाजूला सरले. कहकशांनं ब्रश बुडवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, अब्बांच्या नावावरून, रेघ ओढली. गुळगुळीत फरशीवर रंग ओघळू लागला. ती बोटानं ओघळ पुसत राहिली, तोंडानं पुटपुटत राहिली, आणि ती कोणाला बोलतेय ते कोणी विचारलं नाही.

फोटोवाला म्हणाला, “म्याडम, इकडं पाहा.”

“रेघेचा काढ. माहा नको.”

मग तिनं ब्रश देवीलालच्या हातात कोंबला. “दुसरा हात तू मार. आन् दर मे महिन्यात तूच. काठी तुह्या जीपमध्ये राहीन.”

“मले कायले ताई? साहेब तर कोणाले—”

“साहेब चुकत होते,” ती ओरडली. “मार हात!”