मशीन पास, मामा नापास

रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून मशीनमामांची खोली होती. शिक्षणाने ते बायोमेडिकल इंजिनिअर. पण शेजारीपाजारी त्यांच्याकडे बिघडलेले मिक्सर आणून टाकायचे आणि मामा तेही मुकाट्याने दुरुस्त करायचे. वॉर्डातले मॉनिटर, सलाईनचे पंप, ऑपरेशनच्या खोलीतली यंत्रं, सगळ्यांची नाडी त्यांना ठाऊक. नवं यंत्र घ्यायचं, तर डॉक्टरही आधी त्यांना विचारत. दुरुस्त झालेलं मशीन मामा पहिल्यांदा स्वतःला लावून बघत. "पेशंटवर कसले प्रयोग करायचे? मी आहे ना धडधाकट!"

त्या दिवशी ईसीजीचं मशीन आलं होतं, वायर तुटलेलं. मामांनी वायर बदलली, हातापायांना चिमटे लावले. पडद्यावर रेघ उड्या मारत निघाली आणि मध्येच आडवी पडली. उठली, पुन्हा पडली.

"लबाड कुठली!" मामांनी मशीन उघडून पाहिलं. सगळं जागच्या जागी. शेवटी कपाटातलं दुसरं मशीन जोडलं, तर तेही तसंच अडखळायला लागलं.

"मामा, वर पेशंट खोळंबलाय," म्हणत मोठ्या सिस्टर आत आल्या.

"काय करू, दोन्ही मशिनं एकदम आजारी पडलीत."

सिस्टर क्षणभर पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मामांचे चिमटे काढून स्वतःला लावले. रेघ शहाण्यासारखी चालू लागली.

मामा खूश. "बघा! मशीन पास."

"मशीन पास. तुम्ही नापास. चला वर."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. जिन्यावर येणारी चक्कर आठवली. "घरी नका सांगू हो, सिस्टर."

घरी कळलंच. मामी आल्या त्या तोंडाचा पट्टा सोडूनच. "कधीची सांगतेय, दाखवून घ्या. तर म्हणे चष्म्याचा नंबर बदलला असेल!" एवढं बोलताना मामांचा हात मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

ठोके चुकत होते. पेसमेकर बसवायचं ठरलं. मामांनी त्याच्या बॅटरीवरून डॉक्टरांना इतकं छळलं, की मामी म्हणाल्या, "अहो, बसवून घ्यायचाय, उघडून बघायचा नाहीये!"

कामावर परतल्यावर मामांनी सवयीने मशीन स्वतःला लावलं. ठोके एका तालात पडत होते, आणि प्रत्येक ठोक्याआधी एक बारीक उभी रेघ उमटत होती, पेसमेकरची.

सिस्टरांनी दारातूनच विचारलं, "आज कोण बिघडलंय?"

"कुणी नाही. पण आता नियम बदललाय," मामांनी चिमटे पुढे केले. "दोघांनी लावून बघायचं. या, हात द्या."