सहावा दगड

ती घटना आठवली की आजही मला हसू आवरत नाही. निजामी राजवटीची ती शेवटची वर्षं. औराद भागातल्या एका ठाण्यावर मी अमीन होतो. आजच्या भाषेत फौजदार. सकाळची हजेरी घेऊन रोजनामचा उघडला, तोच तहसीलचा शिपाई लेखी हुकूम आणि एक किल्ली घेऊन आला. उद्घाटनाची फरशी चोरीला गेली होती.

गावात एक गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पूर्वी ते सरकारात हिशेब तपासनीस होते. नोकरी सोडून त्यांनी करडईच्या तेलाची गिरणी काढली, ती चालली, आणि त्या कमाईतून त्यांनी गावाबाहेरच्या धनगर वस्तीसाठी विहीर खणली. इंजिन बसवलं, हौद बांधला, तोट्या लावल्या. तोवर वस्तीतल्या बायका कोसभर चालून ओढ्यावर जात. सरकारने या कामाला छदामही दिला नव्हता, उद्घाटन मात्र सरकारच्याच हातून व्हायचं होतं. तालुकदारसाहेब, म्हणजे आजचे कलेक्टर, त्याच दुपारी येणार होते. त्यांच्या पदव्यांच्या सात ओळी शहाबादी फरशीवर कोरल्या होत्या. त्या सात ओळींत पाण्याचा उल्लेख कुठंही नव्हता.

हुकूम एका ओळीचा होता: फरशी मिळेपर्यंत पाणी सोडू नये. किल्ली होती इंजिनाच्या खोलीची.

पहिली खबर चहावाल्याने दिली. "गवंडी काल सांजेला पहार घिऊन हौदाकडं गेलता, साब."

गवंड्याला ठाण्यात आणून बसवलं. मी आधी चहा मागवला. खोटं बोलणाऱ्याला समोरचा चहा गोड लागत नाही, हा माझा अनुभव. गवंड्याने दोन कप संपवले आणि तिसऱ्याची वाट पाहू लागला. माझा संशय तिथेच निम्मा झाला.

"फरशी कुठं नेलीस?"

"नेली न्हाई, साब."

"मग पहार कामून नेलीस?"

"दगड बसवायला."

"कुठला दगड?"

"ते अण्णाला इचारा. म्या काम करतो, सवाल न्हाई करत."

त्याला घेऊन विहिरीवर गेलो. चाळीसेक बायका रिकाम्या घागरी आणि धुण्याची गाठोडी घेऊन बसल्या होत्या. त्यांतली एक थोराड अक्का मला पाहताच उठली. "अमीनसाब, चोर सापडंना म्हणून पाणी कोंडलंय व्हय? पाण्यानं चोरली का फरशी?"

माझ्याबरोबरचा जमादार तिला गप्प करू लागला. मी त्यालाच गप्प केलं. प्रश्न बरोबर होता.

फरशीच्या चबुतऱ्यावर चुन्याचा ओला डाग तेवढा उरला होता. मी हौदाला फेरी मारली. कडेने धुण्याचे सहा दगड बसवले होते. पाच आपल्याकडचे काळे, खडबडीत. सहावा करडा, सपाट आणि चारही कोपऱ्यांना रेखीव. खाली वाकून कडेवरून बोट फिरवलं. अण्णा माझ्या मागे येऊन उभे होते.

"पालथी घातलीत?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "नकाशात दगड सहा. ठेकेदारानं लावले पाच. यादी पुरी झाल्याबिगर काम पास करायचं न्हाई, ही जुनी खोड हाय माझी. हाताशी एवढीच फरशी होती."

"हाताशी?"

अण्णा हौदाच्या कडेला टेकले. "नोकरीत एक विहीर तपासायला गेल्तो. फरशी होती, नावं होती, हाराचं निर्माल्य बी होतं. विहीर न्हवती. म्या शेरा मारला, अन् माझीच बदली झाली. तवापासून फरशी बघितली की मला पाणी दिसंना झालंय, अमीनसाब. गवंड्याला सोडा. काय लिवायचं ते माझ्यावर लिवा."

मी अडचणीत आलो. फरशी उपटून उलटी करावी तर अण्णांवर कारवाई. न करावी तर पाणी बंद. बायका आमच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"हुकूम बघू जरा," अण्णांनी हात पुढे केला. तपासनिसाच्या सवयीने त्यांनी तो दोनदा वाचला. "फरशी मिळाली पाहिजे, एवढंच हाय. कंच्या बाजूनं, ते न्हाई."

मी तिथेच पंचनामा केला: फरशी हौदाच्या आवारात, अखंड स्थितीत मिळून आली, चोरी आढळली नाही, हुकमाप्रमाणे पाणी सोडण्यात आले. अक्काने पंच म्हणून अंगठा उठवला. किल्ली मी स्वतः फिरवली.

इंजिन धडधडलं, तोट्या खोकल्या, आणि मग जो कल्ला झाला, तसा मी एकाही दरबारात ऐकला नाही. दुपारी तालुकदारसाहेब बँडासह आले तेव्हा बँड कुणाला ऐकूच गेला नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन फरशी विचारली. मी पंचनामा दिला आणि बोटाने दाखवलं. सहाव्या दगडावर अक्का घोंगडं आपटत होती.

साहेब थेट हौदाच्या कडेला जाऊन उभे राहिले. मी मनातल्या मनात बदलीचं सामान बांधत होतो.

"सरकार, मागं सरा," अक्का ओरडली, "शेरवानी भिजंल!"

साहेब मागे सरले नाहीत. त्यांनी तोटीखाली ओंजळ धरली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गोड आहे." उद्घाटन तेवढंच झालं.

वस्तू कुणी नेली याच्या मागे लागण्याआधी ती कुणाच्या उपयोगी पडली हे पाहावं, हा धडा मी त्या दिवशी घेतला. पुढच्या नोकरीत त्याने बऱ्याच चोऱ्या उघडकीला आणल्या. काही मात्र उपयोग कळल्यावर मी उघड केल्याच नाहीत.