खाली नाव नसलेला कागद

आमच्या घरात कुठलाही छापील कागद आला की तो खालून वाचायची पद्धत आहे. आधी शेवटची ओळ बघायची: निवेदक कोण, छापलं कुठं. मग मजकूर. आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि वखारीतल्या कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता यायला लागला. पुढं सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, पण आप्पांची पत्रकं थांबली नाहीत. ते म्हणायचे, "मोबाईलवरचं पुसता येतंय. कागद खिशात ऱ्हातोय."

अशा घरातली मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि मग पी.यू. कॉलेजात, म्हणजे अकरावीला, इंग्रजीच्या तासाला जाऊन बसली. तिनं संशय घेतला नसता तरच नवल.

इंग्रजीचे सर धारवाडकडचे. घरची भाषा कानडी, पण मराठी स्वच्छ बोलायचे. हेही मला खटकलं होतं. इतकं चांगलं मराठी ते कशासाठी शिकले असतील? आठवड्यातून तीनदा कॉलेज सुटल्यावर ते जादा तास घ्यायचे आणि त्यात एक जुनी, जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचून घ्यायचे. सगळ्यांना झेरॉक्स काढून बांधलेली प्रत दिलेली. गाईड आणायला बंदी. त्याऐवजी शब्दांची वही करायची, तीन रकान्यांची. पहिल्यात कादंबरीतला शब्द, दुसऱ्यात आपापल्या भाषेतला अर्थ, आणि तिसऱ्यात त्या शब्दाचं एक इंग्रजी वाक्य. अट अशी की वाक्य स्वतःच्या घरातलं पाहिजे.

"राजा, राणी, हत्ती नकोत," सर म्हणाले. "तुमच्या घरी काल जे झालं ते लिहा. शब्द घरात राहायला आला की जात नाही."

सगळा वर्ग लिहायला लागला. मी पेन बाकावर ठेवला. माझ्या घरी काल काय झालं हे यांना कशाला पाहिजे?

हा प्रश्न हवेतून आला नव्हता. आमच्या सीमाभागात मोर्चा जवळ आला की साध्या कपड्यातला एखादा पोलीस घरी येतो, पाणी मागतो, आणि भिंतीकडं बघत विचारतो, "पत्रकं लई झकास लिहिताय. संगं कोण कोण असतंय वो?" मी लहानपणापासून हे प्रश्न ऐकले होते. म्हणून मी माझ्या वहीत खोटं घर बांधलं. माझे वडील केळी विकतात. आमच्याकडं एक पांढरी गाय आहे. माझ्या आईला संगीताची आवड आहे. सर प्रत्येक पानावर व्याकरण दुरुस्त करायचे आणि पानाच्या तळाशी पूर्ण सही करून तारीख घालायचे. बाकीच्यांच्या वाक्यांना बरोबरच्या खुणा मिळायच्या. माझ्या गायीला कधी मिळाली नाही.

कादंबरीही मी घरच्या पद्धतीनंच वाचली, खालून. पहिल्याच आठवड्यात शेवटची दहा पानं शब्दकोश घेऊन फोडली. एका मोठ्या हवेलीत आयुष्यभर चाकरी केलेली बाई शेवटी मालकिणीच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवते, वाकून तिचे आभार मानते आणि निघून जाते. संपलं. मी भर वर्गात उभी राहिले आणि सांगून टाकलं की ही गुलामीची कादंबरी आहे, शेवटी नोकराणी मालकिणीचे आभार मानते, आणि असली पुस्तकं गोऱ्या साहेबांनी आपल्यासाठीच लिहून ठेवलीत.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं माझी ओढणी खेचली. "बस की गं खाली. शेवट कशाला सांगितलीस? आता मी वाचू काय, तुझं तोंड?"

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी माझी प्रत मागून घेतली आणि शेवटच्या दहा पानांना स्टेपलरच्या चार पिना मारून परत दिली. "आता वरून ये," म्हणाले.

ही मैत्रीण चिकोडीजवळच्या गावातून बसनं यायची. जैन घर, शेती आणि दुकान. घरात मराठी, दुकानात कानडी. तिची वही माझ्यापेक्षा दुप्पट जाड झाली होती. मी विचारलं, "इतकं काय लिहितीस गं?" तर म्हणाली, "जे घरात बोलता येत न्हाय ते." मला वाटलं, चेष्टा करते आहे.

मग एके दिवशी मी सरांना बघितलं. तास संपल्यावर माझी पाण्याची बाटली राहिली म्हणून परत गेले, तर ते एकटेच बसून वह्यांच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढत होते. एकामागून एक. मी दारातूनच मागं फिरले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. संशय खरा ठरल्याचा आनंद. तो फार वाईट असतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. 'आपल्या घरात काय चालते हे इंग्रजीच्या सरांना कशासाठी हवे आहे? आपल्या वह्यांचे फोटो कोणाकडे जातात? याचे उत्तर मिळालेच पाहिजे!' चाळीस प्रती काढल्या. खाली लिहिलं, 'एक जागरूक विद्यार्थी'. माझं नाव आलं तर आप्पांना त्रास होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन एक प्रत नोटीस बोर्डावर लावली आणि बाकीच्या बाकांवर ठेवल्या.

दुपारपर्यंत त्या कागदाचं काहीतरी वेगळंच झालं. मी भाषेबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता. पण कागद मराठीत होता आणि सर कानडी होते. आमच्या भागात एवढं पुरतं. मराठी पोरं म्हणायला लागली, सरांनी मराठी पोरांनाच धरलंय. कानडी पोरं म्हणाली, आमचा माणूस बघवत नाही यांना. फोटो आणि वह्या बाजूला राहिल्या. प्राचार्य घाबरले. भाषेचं प्रकरण पेपरात गेलं तर त्यांची खुर्ची जाईल, ही भीती सगळ्या कॉलेजला माहीत होती. त्यांनी जादा तास बंद केला, सगळ्या वह्या ऑफिसात जमा करून घेतल्या आणि नोटीस काढली: शनिवारी पालक सभा. प्रत्येक पालकाच्या हातात वही दिली जाईल. पालकांनी वाचून 'तक्रार नाही' अशी सही करायची.

त्या संध्याकाळी वखारीतल्या एका काकांनी माझं पत्रक आमच्या घरी आणलं. आप्पांनी चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणं आधी खाली बघितलं.

"खाली कोण न्हाय," ते म्हणाले.

"जागरूक विद्यार्थी हाय की," काका म्हणाले.

"जागरूक म्हंजे कोण? त्याला आई-बाप हाईत का न्हाईत?" मग आप्पांनी मजकूर वाचला. 'याचे उत्तर मिळालेच पाहिजे' या ओळीवर थोडा वेळ थांबले. ही ओळ त्यांचीच होती; त्यांच्या निम्म्या पत्रकांचा शेवट तिच्यानं होतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुला म्हाईत हाय का गं, कुणाचं हाय?"

"न्हाय," मी म्हटलं.

आप्पा सगळी पत्रकं जपून ठेवतात, विरोधकांचीसुद्धा. ही त्यांनी घडी घालून रद्दीत टाकली. जेवताना एवढंच म्हणाले, "त्या मास्तरला आता कुणाला उत्तर द्यायचं, त्ये तरी कळाय पायजे हुतं."

पण मी प्राचार्यांच्या ऑफिसात गेले ते यामुळं नव्हे. गुरुवारी मैत्रीण बसमधून उतरली ती पांढरीफटक. मला कॉलेजच्या मागं घेऊन गेली.

"वहीत एक पान हाय," म्हणाली. "सरांनी 'कन्सील' शब्द दिलता ना, त्याचं वाक्य. मी बेळगावच्या होस्टेलचा फॉर्म तांदळाच्या डब्यात लपवलाय, असं लिहिलंय. आणि फुडं अजून लई काय काय."

तिच्या घरी ठरलं होतं की बारावीनंतर शिक्षण बंद. स्थळंही बघायला सुरुवात झाली होती. तिला बेळगावला राहून पदवी करायची होती आणि तिनं गुपचूप फॉर्म आणला होता.

"तुझ्या घरात इंग्रजी कोण वाचतंय?" मी विचारलं.

"अण्णा वाचतोय, माझा थोरला भाऊ. बीकॉम झालाय. सभेला त्योच येणार हाय." ती थांबली. "कोण गं ह्यो जागरूक? गावला तर मुस्काट फोडीन बघ त्याचं."

म्हणजे सगळा वर्ग त्या वह्यांत खरं लिहीत होता. त्यांना ठाऊक होतं की बहुतेकांच्या घरी ते कुणाला वाचता येणार नाही आणि सर ते कुणाला सांगणार नाहीत. खोटी फक्त माझी वही होती. आणि घरातल्या गोष्टी बाहेर जाऊ नयेत म्हणून काढलेल्या कागदानं त्या आता घरोघरी वाटल्या जाणार होत्या.

"मी हाय," मी म्हटलं.

तिनं मुस्काट फोडलं नाही. बॅग उचलून वर्गात गेली आणि दुसऱ्या बाकावर बसली.

शुक्रवारी मी रद्दीतला तो कागद घेऊन प्राचार्यांकडं गेले. इंग्रजीचे सर तिथंच बसले होते. मी कागद टेबलावर ठेवला, 'एक जागरूक विद्यार्थी' खोडलं आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. वर्ग, तुकडी, हजेरी क्रमांक, सगळं.

प्राचार्यांनी नाव दोनदा वाचलं. "तू? पोरगी? मला वाटलं, बाहेरच्या कुठल्या संघटनेचं काम असेल."

"न्हाय सर. मी एकटी. भाषेचा काय संबंध न्हाय. आणि माझी मागणी आहे की वह्या ज्याच्या त्याला परत द्याव्यात. पालकांना नको."

"मागणी?" ते जवळजवळ उठलेच. "तुला काढून टाकू शकतो मी, कळतंय काय?"

"मला काढा. माझी तक्रार होती की घरातलं दुसऱ्यानं वाचू नये. आता तुम्हीच वाचायला देताय. वह्या वाटल्या तर मी दुसरं पत्रक काढीन. नाव घालून."

प्राचार्यांनी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "सभा झाली तर पेपरवालेही येतील, सर." एवढंच. मला वाचवायला बोलले की स्वतःला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण प्राचार्यांना हवं ते कारण मिळालं. माझ्याकडून पानभर माफीपत्र लिहून घेतलं, आप्पांना सोमवारी भेटायला बोलावलं, आणि दुपारी सभा रद्द झाल्याची नोटीस लागली. वह्या शिपायानं वर्गात आणून वाटल्या.

मैत्रिणीनं तिची वही घेतली, ते एक पान शोधून फाडलं, चार घड्या करून कंबरेला खोचलं. माझ्या बाकापाशी येऊन म्हणाली, "फुडल्या वेळी कुणाला वाचवायचं असलं तर आधी त्याला इचार, येडे." आणि परत दुसऱ्या बाकावर गेली. फॉर्म तांदळाच्या डब्यातून कधी निघाला, घरी काय झालं, ते तिनं मला सांगितलं नाही. बारावी झाल्यावर जूनमध्ये ती बेळगावला गेली, एवढं कळलं.

सोमवारी आप्पा येऊन गेले; माझं माफीपत्र त्यांनी आधी खालून वाचलं. फोटोंचं मी सरांना विचारलं. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, त्यांची बायको हल्याळकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. तिची पोरं इंग्रजीला घाबरतात. तुमच्यासारख्याच पोरांनी लिहिलेली वाक्यं ती फळ्यावर लिहिते, नावं न सांगता. कोण रेड्याला घाबरलं, कुणाची आजी कानातलं हरवून बसली, असली वाक्यं. "लपवायची वाक्यं मी पाठवत नाही," म्हणाले. "कुठली लपवायची ते कळतं मला."

हे खरं असेल. बहुधा होतंच. पण त्यांनी आम्हाला विचारायला हवं होतं. हे मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते. ते म्हणाले, "हो. चुकलं."

जादा तास पुन्हा सुरू झाला, पण वह्यांविना. सर आता छापील शब्दांची यादी वाटायचे. पोरं पाठ करायची आणि विसरायची. मी कादंबरी वरून वाचत गेले. दोनशे पानांनंतर कळलं की त्या नोकराणीनं किल्ल्या परत करायच्या आधी, महिनाभर, एकेका कुलपामागचं सगळं बाहेर काढलं होतं: कोंडलेली पत्रं, कोंडलेली माणसं. मालकिणीच्या हातात पडल्या त्या मोकळ्या खोल्यांच्या किल्ल्या. वर्गात उभी राहून मी जे ठणकावलं होतं, ते आठवून कान गरम झाले. पिना मी नखानं काढल्या.

त्याच दिवशी वहीचं नवं पान उघडून तीन रकाने आखले. तिसऱ्यात लिहिलं, माझे वडील पत्रकं लिहितात आणि खाली नाव घालतात. तळाशी सही केली. वही सरांच्या टेबलावर ठेवली, एकटीचीच. त्यांनी 'पत्रक' या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग दुरुस्त केलं, वाक्यापुढं खूण केली, माझ्या सहीशेजारी त्यांची केली. मग खिशातून मोबाईल काढला आणि माझ्याकडं बघितलं.

"पाठवू का हे?"

"नको," मी म्हटलं.

त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि वही माझ्याकडं सरकवली.