'सी' म्हणजे गरम

आमचे हे प्लंबर, पण साधेसुधे नव्हेत. बारा वर्षं जहाजावरचे नळ दुरुस्त केले आणि बंदर आलं की तिथली न्हाणीघरं बघत हिंडले. कुठे म्हणे आधी बाहेर अंग घासून मगच टबात उतरायचं, कुठे छतापर्यंत निळ्या फरश्या, कुठे बादलीचा पत्ताच नाही. मी म्हणायचे, "अहो, लोक राजवाडे बघतात आणि तुम्ही मोऱ्या!"

म्हणून तर गावातल्या एका लॉजच्या मालकानं यांना गाठलं. त्याला सहा खोल्यांना सहा देशांच्या बाथरूम हव्या होत्या. तिसरीतले पितळी नळ त्या देशातूनच मागवलेले. तिकडे गरमाला जो शब्द आहे त्याचं पहिलं अक्षर 'सी'. आपण 'सी' बघितला की कोल्ड समजतो. यांनी त्या नळाला लाल पट्टी चिकटवली, मालकाला दोनदा बजावलं. त्यानं ती ओरबाडून काढली. म्हणे, "शोभा जाते." चुलीत घाला ती शोभा!

दुसऱ्याच दिवशी मालकाची बहीण तिथे अंघोळीला गेली. थंड समजून तिनं 'सी' सोडला. बॉयलरचं उकळतं पाणी, पाठीची सालटी निघाली बिचारीची.

तासाभरात मालक दोन गडी घेऊन आमच्या दारात. यांना कॉलर धरून फरफटत नेलं, मी मागून ओरडत. त्याच बाथरूममध्ये गड्यांनी यांचा उजवा हात बेसिनच्या काठावर दाबून धरला. मालकानं यांचाच पाना उचलला.

"ज्या हातानं बसवलास ना, तोच ठेवत नाही!"

"मालक, पट्टी कोणी काढली? हातावर पोट आहे हो माझं!"

पहिला घाव बोटांवर, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचं मी कानांनी ऐकलं. पांढऱ्या फरशीवर रक्त उडालं. माझं डोकंच फिरलं. एका गड्याच्या दंडाला कडकडून चावले, मालकाच्या हातून पाना हिसकला आणि हाणला त्याच्या थोबाडावर. दोन दात पडले. वाईट वाटतं का? अजिबात नाही. चार पडायला हवे होते मेल्याचे.

डॉक्टर म्हणाले, बोटं आता मिटायची नाहीत. काम सुटलं ते सुटलंच.

आता यांना अंघोळ मीच घालते. पाणी आधी माझ्या हातावर घेऊन बघते, कोमटच असतं. तरी मी पाण्याचा मग उचलला की हे डोळे घट्ट मिटतात आणि तो हात पाठीमागे लपवतात.