कणसातच उगवलेला मका

कळमनुरीच्या बाजारात ताडपत्रीचा भाव करत होते, तेव्हा फोन आला. आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गोठ्यात बसल्या त्या उठल्याच नाहीत... सकाळी त्यांनीच मला पिटाळलं होतं. मका काढणीला आलेला, आभाळाचं काही खरं नाही, ताडपत्री घेऊन ये म्हणाल्या. ऊन चांगलं रखरखत होतं, म्हणून मी फणफणतच निघाले होते. शेवटचं बोलणं ते, आणि तेही धड बोलले नाही.

मोठे दीर गेल्यापासून शेत आक्काच बघायच्या. आमचे हे बैलासारखे राबतात, पण आज काय करायचं ते दुसऱ्यानं सांगावं लागतं. आक्कांचा स्वभाव घाबरट. मक्याला तुरा आला की पाऊस ताण देतो म्हणून जीव खालीवर, कणीस भरलं की पाऊस लागून राहील म्हणून. वावरात जाऊन कणीस सोलायचं, दाणा उचकटून बुडाला काळा ठिपका धरला का, म्हणजे दाणा पक्का झाला का बघायचं, आणि घरी येऊन पुन्हा आभाळाकडं तोंड. देव काय तुमाला इचारून पाऊस पाडतो व्हय, असं मी तोंडावर म्हणायचे.

तीन वर्षांमागं ठिपका धरला तरी मी हट्टाला पेटले. मोबाइलवर आठ दिवस कोरडं दाखवतंय, उभ्या ताटावरच वाळू द्या, ओला मका कोण घेतंय? आक्का नको नको म्हणत होत्या, शेवटी गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला तो चार दिवस. कणसं सोलली तर आत दाण्यांना पांढरे कोंब. निम्मा मका उकिरड्यावर गेला. आक्का मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला वाटलं, विसरल्या असतील.

त्या गेल्याच्या चौथ्या दिवशी नरसीहून त्यांची मैत्रीण भेटायला आली. डोळे पुसत म्हणाली, "मका उगवला ते लई मनाला लावून घेतलं होतं बघ तिनं. म्हणली, सुमन काढा काढा म्हणून राहिली होती, मीच ऐकलं न्हाई."

सुमन म्हणजे मी.

गावभर त्यांनी हेच सांगितलं होतं. बाईच्या हातातली शेती, असं म्हणत लोकांनी त्यांना नावं ठेवली, आणि मला कधी कुणी जाब का विचारला नाही ते त्या दिवशी कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्याच दिवशी पूर्वेकडून आभाळ भरून आलं. वावरात जाऊन दाणा बघून आले, ठिपका धरलेला. भावकी म्हणाली, सुतक आहे, दहावा होऊ द्या. आमचे हे ओसरीत बसून माझ्याकडं बघत राहिले. काढला आणि पाऊस आलाच नाही तर लोक म्हणणार, सुतकातही दम निघाला नाही. ठेवला आणि आला तर... मी मका काढायला या म्हणून तांड्यावरच्या बायकांना निरोप धाडला.

"कुणाला इचारून?" चुलत सासरे म्हणाले.

"मीच सांगितलं. चुकलं तर माझं."

पाऊस आलाच नाही. दाणा ओलसर राहिला, व्यापारी नाक मुरडतात. महिना होत आला, मका अंगणात पसरलाय आणि मी दिवसातून चारदा पायानं फिरवते. काहून एवढी घाई केली, असं येणारा-जाणारा विचारतो. माझी घाई, म्हणून सांगते. त्याचं आता काही वाटत नाही. पण आज दुपारी अंगणावरचं ऊन एकाएकी गेलं, आणि मी घाबरून घराकडं वळून ओरडले, "आक्का, आभाळ आलं हो..."

आतून कुणी ओ दिली नाही. मग मीच मका गोळा करायला लागले.