सासुरवाडीचा तांबडा थर

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला मी सासुरवाडीला जाऊन माती खाल्ली. हे मी वाक्प्रचार म्हणून सांगत नाही. काटेवाडीच्या पुढच्या माळावर, लख्ख उन्हात, सासूसासऱ्यांच्या आणि मेहुणीच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत मी ती तोंडात घातली, चघळली आणि गिळली.

मी भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. देशाला डॉक्टर हवे होते, इंजिनियर हवे होते. दगड वाचणारा माणूस हवा असं कुणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. तरीही मी हातोडी घेऊन तयार होतो!

सासूबाईंना 'भूगर्भ' शब्दातला 'गर्भ' तेवढा कळला होता. आम्ही बारामतीला छोट्या रेल्वेतून उतरून घरी पोचतो न पोचतो, तोच भावकीतल्या दोन अवघडलेल्या सुना ओसरीवर येऊन बसल्या. माझ्या बायकोनं, इंदूनं, त्यांना कशीबशी वाटेला लावली.

"मग जावईबापू करत्यात तरी काय?" सासूबाईंनी विचारलं.

"दगड बघतात."

"आनि त्येच्यासाठी पुन्याला ऱ्हावं लागतं? आपल्या माळावर काय थोडं हायती?"

या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठातही कुणी देऊ शकलं नसतं.

त्याच दिवसांत इंदूच्या धाकट्या बहिणीच्या, शालनच्या, लग्नाची बोलणी चालू होती. स्थळ इंदापूरचं. मुलगा शालनला पसंत, शालन मुलाला पसंत. पण मुलाचे वडील, तात्या, काही केल्या होकार देईनात. "बघू", "घाई काय हाय" एवढंच म्हणायचे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते आपल्या विधवा बहिणीला, आक्काला, घेऊन पुन्हा आले. आक्कांची ख्याती अशी, की त्या नुसत्या बघून म्हशीचं वय आणि माणसाचा रोग सांगत.

माझे सासरे, आबा, मला गोठ्यामागं घेऊन गेले.

"जावईबापू, आज माळावर जेवान ठेवलंय. तितं दोन शब्द आसं बोला, की तात्यांनी म्हनलं पायजे, सोयरीक करावी तर ह्या घरात!"

निघताना शालन दारामागून हळूच म्हणाली, "दाजी, बेतानं बोला हां." (तिला माणसांची पारख होती, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.)

बैलगाडी माळावर पोचली. सासूबाई आणि इंदू झाडाखाली पिठलं-भाकरीच्या तयारीला लागल्या. मी तात्यांना, आक्कांना आणि आबांना घेऊन ओढ्याच्या काठाला गेलो, एका काळ्या पत्थरावर पाय ठेवला आणि विद्यार्थ्यांसमोर काढतो तो आवाज काढला.

"तात्या, हा दगड एके काळी पातळ होता."

"कशागत?"

"काकवीसारखा. जमिनीला भेगा पडल्या, त्यातून उकळता रस वर आला आणि इथपासून पार तुमच्या इंदापूरपर्यंत पसरला."

"इंदापुरात?" तात्यांनी भुवया चढवल्या. "कुनी बगितला?"

"तेव्हा माणूसच नव्हता."

"मग तुमाला कुनी सांगितलं?"

आबा घाईघाईनं म्हणाले, "पुस्तकात आसतंय त्ये!"

"पुस्तक लिव्हनारा व्हता का तितं?" आक्कांनी विचारलं.

अशा वेळी शहाण्या माणसानं जेवायला चला म्हणावं. पण मला ओढ्याच्या दरडीत तांबड्या मातीचा थर दिसला. खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मधे कुंकवासारखा लाल पट्टा! माझं भान गेलं.

"हा बघा पुरावा! आधीच्या दगडावर माती साठली, वरून पुन्हा तापता रस आला आणि माती भाजून निघाली, कुंभाराच्या भट्टीतल्यासारखी. आणि ही अस्सल चिकणमाती आहे का, ते कसं ओळखायचं सांगू? जिभेला चिकटते!"

एवढं बोलून मी हातोडीनं एक ढेकूळ काढलं आणि जीभ लावली.

शास्त्र खरं ठरलं. इतकं खरं ठरलं, की ढेकूळ सुटेना! पावसाळ्यानंतर उन्हात तापून ते कोरडंठाक झालं होतं. त्यानं माझी सगळी ओल शोषून घेतली आणि जिभेला घट्ट धरून बसलं. मी हिसका दिला. अर्धं ढेकूळ हातात आलं, अर्धं तोंडात फुटलं. ओठांच्या दोन्ही कडांनी लाल लाळ हनुवटीवरून पांढऱ्या सदऱ्यावर उतरली.

नेमक्या त्याच क्षणी सासूबाई जेवायला बोलवायला आल्या.

"आगं बया! जावईबापूंनी रगात टाकलं!"

"आआई... आआई..." मी म्हणालो. मला 'माती' म्हणायचं होतं.

"आईला बोलवाय लागलं वं! शेवटची घटका आली!" सासूबाईंनी तिथंच बसकण मारली.

आक्का दोन पावलं मागं सरल्या. तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "क्षय हाय. मी मगाशीच म्हननार व्हते. छातीचा पिंजरा बगा की!"

तात्या पायताण शोधू लागले. आबांचा चेहरा पांढरा पडला. शालनचं लग्न माझ्या हनुवटीवरून ठिबकत होतं! काहीतरी करणं भाग होतं. मी उरलेलं ढेकूळ उंच धरलं, सगळ्यांना दाखवलं, त्याचा तुकडा मोडला आणि करकर चावून गिळला.

"बघा! रक्त नाही. माती आहे, माती!"

आक्कांनी तोंडावरचा पदर काढला.

"म्हंजे क्षय न्हाय," आक्का सावकाश म्हणाल्या. "माती खातंय. तात्या, क्षयाला निदान औषध तरी हाय रं."

इंदू धावत आली. नवऱ्याची अब्रू राखणं हे तिला कर्तव्य वाटत असे. "आवो, तसं न्हाय काय! त्यांच्या कॉलेजात समदेच खात्यात!"

(मी आजवर तिचे अनेक अपराध विसरलो आहे. हा नाही.)

मग आबा पुढं झाले. त्यांनी मुंडासं काढून इंदूच्या हातात दिलं, दरडीतून एक ढेकूळ ओढलं आणि म्हणाले, "माजा जावई खातो ती माती मला जड न्हाय!" आणि जीभ लावली. ढेकूळ चिकटलं. आबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी हात सोडला तरी ते जिभेला लटकत राहिलं! तात्या वाकून बघू लागले, आणि मग त्यांच्याच्यानं राहवेना. त्यांनीही एक उचललं. आक्कांनी चारी बाजूंनी पारखून लहानसा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "थोरल्याच्या टायमाला मी अशीच खाल्ली व्हती. पर ती चवीला बरी व्हती."

दोन व्याही लाल जिभा काढून एकमेकांकडं बघत होते. आधी तात्या हसले. मग आबा. मग ते दोघं असे काही हसले, की गाडीचे बैल उठून उभे राहिले.

भाकरीचा पहिला घास मोडताना तात्या म्हणाले, "आबा, सोयरीक पक्की समजा."

आबांचा घास हातातच राहिला. "आनि इतके दिस काय आडलं व्हतं?"

"आता लपवायचं काय! आमचं पोरगं सातवीतनं शाळा सोडून नांगराला लागलं. थोरला जावई येवडा शिकल्याला, त्येच्या पंगतीला आमचं आडानी बसवायचं म्हंजे लई लाज वाटायची." त्यांनी माझ्या सदऱ्याकडं एकवार बघितलं. "आता न्हाय वाटत."

माघात लग्न झालं. आबा आल्यागेल्याला दोन्ही जावयांची ओळख करून देत होते. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "ह्ये धाकलं. ऊस आसा लावतो, बगत ऱ्हावं." मग माझ्याकडं वळायचे, जरा थांबायचे आणि आवाज खाली आणून समोरच्याला धीर द्यायचे,

"ह्ये थोरलं. शिकल्यालं हायती, पर भ्यायचं काम न्हाय. सोभावानं गरीब हायती."